कुंभारानें काय करावें?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या साताऱ्याच्या घरीं एक जाडजूड इंग्रजी कादंबरी चार दिवस हातोहात फिरत होती. एका गुप्त धर्मपंथानें एका साध्या कुटुंबाचा चालविलेला पाठलाग, एवढाच तिचा विषय. आई, बाप आणि दोन मुलें गांव सोडतात, नांवें बदलतात, रात्रीं दिवे मालवून बसतात; आणि जेथें जावें तेथें पंथाचा कोणी ना कोणी आधींच येऊन बसलेला असतो. ती वाचतांना आमच्या घरांत दोनदां दूध उतूं गेलें. आम्हीं स्वतः, हल्लींचे विद्यार्थी काय वाचतात हें पाहावें या सबबीवर, ती हातीं घेतली आणि पहाटे दोन वाजतां खालीं ठेविली.

पुस्तक सर्वांचें वाचून झाल्यावर कॉलेजांत जाणाऱ्या आमच्या कन्येनें एक प्रश्न विचारला. "बाबा, पाठलाग करणारे फार तर वीस-पंचवीस आहेत. गांवांत माणसें हजारों आहेत. मग एकहि दार उघडत कसें नाहीं?" एखादें दार उघडलें असतें तर कादंबरी पन्नास पानांतच आटोपली असती, असें कांहींतरी बोलून आम्हीं वेळ मारून नेली. परंतु शिक्षकाचा धंदा वाईट. विद्यार्थ्याला दिलेलें खोटें उत्तर पुढें अनेक दिवस आपल्यालाच छळीत राहतें. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरानें दिलेलें उत्तर आहे.

या जातीच्या कथांची परंपरा जुनी आहे. आर्थर कॉनन डॉइलची शेरलॉक होम्सविषयीं पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' १८८७ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या उत्तरार्धांत हीच गोष्ट आहे. वाळवंटांत मरणाला टेकलेला फेरिअर नांवाचा प्रवासी आणि त्याच्याबरोबरची अनाथ बालिका ल्यूसी यांना मॉर्मन पंथाचा तांडा वांचवितो. अट एवढीच कीं त्यांनीं पंथ स्वीकारावा. पुढें मुलगी वयांत येते व पंथाबाहेरच्या एका तरुणावर तिचें मन बसतें. पंथाचे श्रेष्ठी मात्र आज्ञा करतात कीं तिनें पंथांतल्याच दोन तरुणांपैकीं एकास वरावें. विचाराला मुदत एक महिना. मग एका सकाळीं बापाच्या पांघरुणावर टांचलेली चिठ्ठी सांपडते: एकोणतीस दिवस उरले. त्यानंतर रोज एक आंकडा. कधीं छतावर, कधीं भिंतीवर, कधीं बागेच्या फाटकावर. कड्याकुलुपें जागच्या जागीं असतात, आणि आंकडा मात्र आंत आलेला असतो. अखेर बाप मारला जातो, मुलीचें लग्न बळजबरीनें लावलें जातें, आणि महिनाभरांत ती झुरून मरते.

वाचकाच्या अंगावर कांटा येतो तो या आंकड्यांमुळें, असें प्रथम वाटतें. पण डॉइल मोठा चतुर लेखक होता. गुप्त मंडळींत कोण आहे हें कोणासच ठाऊक नाहीं. सकाळीं ज्याच्याजवळ मन मोकळें करावें तोच रात्रीं मारेकरी होऊन येईल. म्हणून प्रत्येकजण शेजाऱ्याला भितो आणि प्रत्येकजण गप्प बसतो. खरें भय त्यानें येथें ठेविलें आहे. मारेकरी थोडे असूनहि पुरे पडतात, कारण उरलेले सर्व लोक दारें लावून त्यांचें काम हलकें करतात.

येथें डॉइलवर एक आक्षेप घेणें आम्हांस कर्तव्य वाटतें. ज्या उटाह प्रांताचें भीषण चित्र त्यानें काढलें, तो त्यानें तोंवर पाहिलेला नव्हता. १९२३ सालीं तो सॉल्ट लेक सिटीस व्याख्यानाला गेला, तेव्हां ज्या लोकांना त्यानें राक्षस ठरविलें होतें त्यांनींच त्याचें आदरानें स्वागत केलें. मॉर्मनांच्या हातून रक्तपात झालाच नाहीं असें नव्हे. १८५७ सालीं माऊंटन मेडोज येथें सुमारें १२० प्रवाशांची कत्तल झाली ती त्या पंथाच्या सशस्त्र लोकांकडून. परंतु त्यापूर्वीं १८३८ सालीं मिसूरीच्या गव्हर्नरानें याच पंथाला प्रांतांतून हुसकून लावण्याचा हुकूम काढला होता, आणि १८४४ सालीं त्यांच्या संस्थापकाला जमावानें तुरुंगांत शिरून ठार केलें होतें. म्हणजे जो पुढें पाठलाग करणारा ठरला, त्याचाच आधीं पाठलाग झाला होता. रहस्यकथा वाचतांना आपण कुटुंबाच्या बाजूचे होतों हें ठीक. पण त्याच आनंदांत एका संपूर्ण समाजाला आपण मनांतल्या मनांत आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करतों, हें ठीक नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या अधिक जवळचें. कॅप्टन मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरींतला इंग्रज. पुढें १८५० नंतरच्या दशकांत त्यानें आपल्या मराठी मुलखांतल्या नळदुर्ग येथें राहून कारभार पाहिला. त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' १८३९ सालीं निघाली आणि विलायतेंत गाजली. भवानीच्या नांवानें वाटसरूंचा गळा आवळणाऱ्या टोळीची ती कहाणी. ठग हा वाटेंत झडप घालणारा दरोडेखोर नव्हे. तो सोबती होऊन येतो, चार मुक्काम बरोबर जेवतो, आणि मग रुमाल काढतो. इतिहासकार आज विचारतात कीं या टोळ्यांचा देवीशीं संबंध खरोखर किती होता आणि कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनीं तो किती फुगविला. तो वाद बाजूस ठेवला तरी कादंबरींतली एक गोष्ट विसरतां येत नाहीं. नायक अमीर अली हा मूळचा ठग नव्हे. त्याचे आईबाप प्रवासांत ठगांनींच मारले. मारणाऱ्या टोळींतल्या इस्माईलनें मुलगा म्हणून त्याला पोसलें आणि त्याच्यावर खरोखर माया केली. मोठा झाल्यावर हाच अमीर अली अजाणतां आपल्या सख्ख्या बहिणीचा जीव घेतो.

टेलरनें येथें डॉइलच्या पुढें मजल मारली आहे. पाठलाग करणारा परलोकांतून येत नाहीं. तो कोणाच्या तरी घरांत, कोणाच्या तरी मायेंत वाढतो, आणि त्याला आपलें कृत्य पुण्याचें वाटतें. म्हणून त्याच्या क्रौर्याचा विचार करून फारसें हातीं लागत नाहीं. विचार करावयाचा तो त्याच्या व सावजाच्या मध्यें उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाचा.

आतां परक्या पुस्तकांकडून आपल्या घराकडे वळूं. धर्माच्या नांवानें छळलेल्या कुटुंबाची गोष्ट शोधावयास मराठी वाचकाला विलायतेस जावें लागत नाहीं. ती आपल्या आजीनें आपल्याला सांगितलेली आहे. विठ्ठलपंतांनीं संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेनें पुन्हां संसार केला, आणि त्या अपराधासाठीं आळंदीच्या धर्ममार्तंडांनीं त्यांना वाळींत टाकलें. परंपरा सांगते कीं मुलांची तरी सुटका व्हावी म्हणून विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनीं देहान्त प्रायश्चित्त घेतलें. तरीहि मुलांची सुटका झाली नाहीं. निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या चौघांना शुद्धिपत्रासाठीं पैठणची वाट धरावी लागली. या कथेचा हा भाग आम्हांस फार बोलका वाटतो. बिऱ्हाड सांभाळणाऱ्या माणसाला सर्वजण एकच शहाणपण सांगतात: मुलांबाळांकडे पाहा, वाकून घे, प्रकरण मिटव. विठ्ठलपंत वाकले, आणि कोणी वाकूं शकणार नाहीं इतके वाकले. प्रकरण मिटलें नाहीं.

याच परंपरेंत मांड्यांची गोष्ट आहे. मुक्ताबाई मांडे भाजण्यासाठीं खापर आणावयास कुंभाराकडे जाते. विसोबा चाटी कुंभारांना दम भरतो कीं या पोरांना कोणी कांहीं देऊं नये. ती रिकाम्या हातानें परत येते, आणि ज्ञानदेव आपल्या पाठीवर अग्नि प्रज्वलित करून बहिणीला मांडे भाजावयास सांगतात. कीर्तनकार हा प्रसंग रंगवितात, श्रोते गहिंवरतात. विसोबालाहि पुढें पश्चात्ताप होतो आणि तो नामदेवांचा गुरु होतो. सर्वांचें कल्याण होतें. त्या कुंभाराचें पुढें काय झालें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. त्याचें नांवहि कथेनें ठेविलेलें नाहीं. वास्तविक चमत्काराची गरज पडली ती त्याच्यामुळें. त्यानें दोन दिडक्यांचें खापर दिलें असतें, तर ज्ञानदेवांना पाठ तापवावी लागली नसती.

कुंभाराला दोष देणें सोपें आहे, असें वाचक म्हणतील. आम्हांस तें सोपें नाहीं, कारण आम्ही त्याच्याच घरांतले आहों. आमच्या वडिलांची सातारा जिल्ह्यांतल्या एका खेड्यांत पिठाची गिरणी होती. आम्ही नऊ-दहा वर्षांचे असूं. गांवांतल्या एका घरच्या थोरल्या मुलानें शहरांत परजातीच्या मुलीशीं लग्न केलें, आणि त्याच्या जातीच्या पंचांनीं घर वाळींत टाकलें. ते पंच आमच्या जातीचे नव्हते, आमच्यावर त्यांचा कसलाहि अधिकार नव्हता. पण निरोप साऱ्या गांवांत फिरला: वाण्यानें सामान देऊं नये, न्हाव्यानें हजामत करूं नये, गिरणीवाल्यानें दळूं नये. एके दिवशीं दुपारीं त्या घरची बाई ज्वारीची पाटी डोक्यावर घेऊन आली. वडिलांनीं तिला लांबून पाहिलें, गिरणी थांबविली आणि आम्हांस म्हणाले, "जा, सांग तिला, पट्टा तुटलाय म्हणून."

आम्ही बाहेर गेलों आणि तसें सांगितलें. बाईनें आमच्याकडे क्षणभर पाहिलें. आमच्या केसांवर, भुवयांवर ताजें पीठ होतें. "बरं बाळा," एवढेंच ती म्हणाली आणि पाटी तशीच डोक्यावर घेऊन वळली. रात्रीं जेवतांना वडील आपण होऊन बोलले, "गांव करी तें राव न करी." आई कांहीं बोलली नाहीं. तें घर दोन वर्षांनीं गांव सोडून गेलें. वडील वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनीं कोणाची पै बुडविली नाहीं, कोणावर हात उचलला नाहीं. त्यांनीं फक्त पट्टा तुटला असें सांगविलें, आणि तें आमच्याकडून सांगविलें.

ही गोष्ट जुन्या काळांत जमा झाली असें कोणी समजूं नये. २०२२ च्या जानेवारींत सांगली जिल्ह्यांतल्या पलूस येथें एका जातपंचायतीच्या पंचांवर गुन्हा नोंदविण्यांत आला. आरोप असा कीं आंतरजातीय विवाह केलेल्या जोडप्यांना त्यांनीं वाळींत टाकलें होतें.

येथें खरा तात्त्विक प्रश्न उभा राहतो, आणि तो दोन्ही बाजूंनीं पाहिला पाहिजे. कोणत्याहि धर्मसमाजाला आपला सभासद कोण आणि कोण नव्हे हें ठरविण्याचा अधिकार असावा कीं नाहीं? १९४९ सालीं मुंबई राज्यानें समाजबहिष्काराला मनाई करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनीं त्याला आव्हान दिलें, आणि १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें तो कायदा रद्द ठरविला; धर्माच्या मूलतत्त्वांपासून ढळलेल्यास बाहेर काढण्याचा अधिकार हा धर्मस्वातंत्र्याचाच भाग होय, असा त्या निर्णयाचा रोख होता. सरन्यायाधीश सिन्हा यांनीं मात्र वेगळें मत दिलें. बहिष्कृत माणूस आपल्या समाजांत अस्पृश्य होऊन बसतो, ही गोष्ट त्यांना नजरेआड करतां आली नाहीं. पुढें २०१६ सालीं महाराष्ट्रानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. तो २०१७ च्या जुलैपासून अंमलांत आला, आणि त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

आम्ही कायदेपंडित नव्हों. पण बहुमताच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं. ज्या मंडळाला 'हा आमचा नव्हे' असें म्हणतांच येत नाहीं, तें मंडळच नव्हे. पंथ सोडणाऱ्याला जसें स्वातंत्र्य, तसें पंथालाहि त्याच्यावांचून राहण्याचें स्वातंत्र्य. मग त्याग कोठें संपतो आणि पाठलाग कोठें सुरू होतो? आमचें उत्तर असें: 'तूं आमचा नव्हेस' हें वाक्य दोन पक्षांमधलें आहे. 'याच्याशीं कोणीहि बोलूं नये' या वाक्यांत तिसरा पक्ष ओढला जातो. पंक्तीला बसवूं नका. तो तुमचा प्रश्न. कुंभाराला खापर देऊं नको म्हणून सांगतां, त्या क्षणीं तुमचा धर्म संपला आणि शिकार सुरू झाली. शिकारीला हांका घालणारे लागतात. वाळींत टाकणें म्हणजे साऱ्या गांवाला हांक्यावर लावणें.

आणि जर पाठलागाचा प्राण तिसऱ्या माणसांत असेल, तर त्याच्यावरचा उपायहि तेथेंच असला पाहिजे. या विचाराला आमच्या साताऱ्यानें एक मोठें उदाहरण दिलें आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा जन्म १९४५ सालचा, साताऱ्याचा. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयांत आणि पुढें मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ते शिकले, कबड्डीच्या मैदानावर गाजले, साताऱ्यांत डॉक्टर झाले, आणि १९८९ सालीं त्यांनीं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिति स्थापन केली. अखेरच्या काळांत त्यांनीं जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्धहि मोहीम हातीं घेतली होती. धमक्या येत असत; पोलिसांचें संरक्षण त्यांनीं नाकारलें. २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं ते पुण्यांत फिरावयास निघाले असतां महर्षि विठ्ठल रामजी शिंदे यांच्या नांवाच्या पुलावर त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. १० मे २०२४ रोजीं पुण्याच्या विशेष न्यायालयानें दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना पुराव्याअभावीं सोडलें.

त्यांनीं संरक्षण घ्यावयास हवें होतें, बायकामुलांचा विचार करावयास हवा होता, असें आमचे अनेक स्नेही तेव्हां म्हणाले. हा आक्षेप हलका नाहीं. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळराव आगरकर यांची विरोधकांनीं जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली. तेव्हां ती त्यांच्या एकट्याची नव्हती, यशोदाबाईंनाहि ती सोसावी लागली. तत्त्वासाठीं आपला जीव देण्याचा अधिकार माणसाला असेल. पण घरच्यांची झोंप देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

याचें पुरें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. दोन गोष्टी मात्र सांगाव्याशा वाटतात. वाकल्यानें मुलें वांचतात हा समज विठ्ठलपंतांच्या कथेपुढें टिकत नाहीं. आणि दाभोलकरांच्या घरच्यांनीं काय केलें तें आम्हीं याच गांवांत पाहिलें. त्यांनीं दारें लावून घेतलीं नाहींत. मुलगा आणि मुलगी या दोघांनीं वडिलांचें काम पुढें चालविलें. त्याहून आम्हांस महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. त्या पुलावर महिन्याच्या महिन्याला वीस तारखेला माणसें येऊन उभीं राहूं लागलीं. हा क्रम वर्षानुवर्षें चालला. त्यांतलीं बहुतेक त्या कुटुंबाच्या नात्यागोत्यांतलीं नव्हतीं. त्यांच्या हातांत शस्त्र नव्हतें, अधिकार नव्हता. एका कुटुंबाला एकटें पडूं द्यावयाचें नाहीं, एवढेंच तीं करीत होतीं. पाठलाग करणाऱ्यांचा सारा हिशोब या गृहीतावर बसविलेला असतो कीं तिसरा माणूस घरीं बसेल. तो महिन्यांतून एकदां जरी पुलावर आला, तरी हिशोब चुकतो.

शूर होणें हें सर्वांच्या वांट्याला येत नाहीं, आणि नीतिशास्त्रानें सर्वांकडून तें मागूं नये, असें आमचें मत आहे. ज्ञानदेव होणें कुंभाराला शक्य नव्हतें. आगरकर होणें आमच्या वडिलांना शक्य नव्हतें. पण त्यांच्याकडून तें कोणी मागितलेंहि नव्हतें. मुक्ताबाईनें खापर मागितलें, त्या बाईनें पाटीभर ज्वारी दळून मागितली. आपल्या धंद्याचें रोजचें काम, रोजच्याप्रमाणें, आलेल्या प्रत्येकाचें करावें, इतकेंच. दुकानदारानें विकावें, डॉक्टरानें तपासावें, मास्तरानें शिकवावें, शेजाऱ्यानें बोलावें. विसोबा रागावेल, गिऱ्हाइकें तुटतील. तेवढी किंमत द्यावी लागेल, आणि गरीब कुंभाराला ती मोठी आहे, हें आम्ही जाणतों. म्हणूनच पहिल्या कुंभाराच्या मागोमाग दुसऱ्यानेंहि खापर देणें अगत्याचें आहे. एकट्या कुंभाराला धाक घालतां येतो; साऱ्या कुंभारवाड्याला घालतां येत नाहीं. गांव करी तें राव न करी, ही म्हण वडिलांनीं भीतीपोटीं उच्चारली. ती उलट्या बाजूनेंहि तितकीच खरी आहे.

हा लेख लिहून झाल्यावर आम्हीं तो कन्येला वाचून दाखविला. गिरणीची गोष्ट ती प्रथमच ऐकत होती. थोडा वेळ थांबून तिनें विचारलें, "बाबा, आजोबा आंत होते. बाहेर तर तुम्हीच होता. तुम्हीं कां सांगितलें नाहीं, पट्टा तुटलेला नाहीं म्हणून?"

आम्ही दहा वर्षांचे होतों, हें उत्तर आमच्या तोंडावर आलें होतें. पण तिला एकदां खोटें उत्तर देऊन झालें होतें. "भीति वाटली," असें आम्हीं तिला सांगितलें.